दोन माइकचं मशीन असून गोंगाटात वाक्यं हरवतात, चार माइकवालं घेऊ का?

अर्धवट_ऐकलं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं वरच्या पट्टीतलं ऐकणं गेलंय, दोन्ही कानांचं. म्हणजे खालचे आवाज बऱ्यापैकी येतात पण स, श, फ, थ ही अक्षरं नुसती हवा होऊन जातात. दीड वर्ष झालं कानामागची मशीनं लावून, प्रत्येकात दोन माइक, आणि घरात शांत असलं की खरंच तक्रार नाही, पलीकडच्या खोलीत कोणी कागद चुरगाळला तरी कळतं. पण चार माणसं जमली की संपलं. परवा ऑफिसात एकाला निरोप द्यायला आम्ही अकरा जण लांब टेबलाभोवती बसलो होतो, समोरचा कार्ड पुढे करून म्हणाला 'सही कर', मी ऐकलं 'नाही बरं', आणि मी आपलं काळजीने विचारलं की डॉक्टरकडे जाऊन आलास का. अख्खं टेबल हसलं. मीही हसलो, पण नंतर तासभर कोणाशी काही बोललो नाही.

तर प्रश्न असा. तपासणीला गेलो तिथे सांगितलं की नवीन मॉडेलमध्ये दोन्ही कानांचे चार माइक 'मिळून' काम करतात, तेच घ्या. मिळून म्हणजे काय? दोनाचे चार झाले की ऐकू येणंही दुप्पट होतं का? आणि मुळात आत्ताचे दोन तरी करतात काय, कारण मशीन हातात घेऊन बघितलं तर वरच्या कडेला दोन बारीक भोकं आहेत, मध्ये जेमतेम एक सेंटीमीटर. एवढ्याशा अंतरात पुढचं कोण आणि मागचं कोण हे त्याला कळतं कसं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, थोडंफार गणित चालेल.

उलटी_फेज

गणित चालेल म्हणालात, आता भोगा :)

ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तुमचं ते एक सेंटीमीटर ओलांडायला त्याला २९ मायक्रोसेकंद लागतात. आपल्याला हे काहीच वाटत नाही पण चिपला भरपूर झालं. आता समजा तुमच्या पाठीमागे कोणी बडबडतंय. त्याचा आवाज आधी मागच्या भोकात शिरणार आणि २९ मायक्रोसेकंदांनी पुढच्या. चिप काय करते, मागच्या माइकचा सिग्नल तेवढाच वेळ थांबवून ठेवते आणि मग पुढच्यातून वजा करते. दोन्ही तंतोतंत जुळले, वजाबाकी शून्य, पाठीमागचा माणूस गायब. समोरच्या माणसाच्या बाबतीत उलटं होतं, त्याचा आवाज मागच्या माइकला आधीच उशिरा पोचलेला, त्यात चिपने आणखी उशीर घातला, त्यामुळे जुळत नाही आणि तो वाचतो. एवढंच आहे सगळं. 'समोरचा आवाज मोठा करतो' असं जाहिरातीत म्हणतात पण खरं तर ते यंत्र मागचा आवाज खोडत असतं.

थांबवायचा वेळ कमी-जास्त केला की बहिरी जागा, म्हणजे जिथला आवाज खोडला जातो ती दिशा, सरकते. वेळ शून्य ठेवला तर ती दोन्ही बाजूंना जाते, मधला ठेवला तर तिरकी मागे. हल्लीची मशीनं हे सतत बदलत असतात, म्हणजे पंखा डावीकडून उजवीकडे नेला तर तो खड्डा त्याच्या मागे मागे जातो.

पण एक मेख आहे आणि ती कोणी सांगत नाही. २५० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ १.४ मीटर लांब असते. तिच्यासमोर एक सेंटीमीटर म्हणजे किस झाड की पत्ती, दोन्ही माइकना जवळपास एकसारखंच ऐकू येतं, त्यामुळे वजाबाकीत समोरच्या माणसाचाही खालचा आवाज उडतो. दर सप्तकाला (म्हणजे कंपनं निम्मी झाली की) ६ डीबी (डेसिबल, आवाज मोजायचं माप) या हिशोबाने उतरत जातो. तो भरून काढायला मशीन खालचा भाग वर उचलतं, आणि तो उचलताना माइकची स्वतःची सूंऽऽ पण वर येते. म्हणून शांत खोलीत मशीन आपणहून एकाच माइकवर किंवा सगळीकडून ऐकणाऱ्या मोडवर जातं.

किती फायदा? गोंगाट चहूबाजूंनी सारखा येत असेल तर दोन माइकच्या वजाबाकीतून कागदावर जास्तीत जास्त ६ डीबी निघतात, साध्या बदामी आकाराच्या मोडला (वर सांगितलेला, पाठीमागचं पूर्ण खोडणारा) ४.८. कागदावर म्हणजे हवेत लटकवलेल्या माइकला. कानामागे डोकं आडवं आलं की त्याहून कमीच. तरी हसू नका, कारण अर्धं कळतंय अर्धं नाही अशा काठावर असताना एकेक डीबीला वाक्यातले साधारण दहा टक्के शब्द जास्त कळतात. तीन डीबी मिळाले तरी 'सही कर' पदरात पडलं असतं.

डावा_कान

वरचं सगळं बरोबर, पण मी बावीस वर्षं मशीन वापरतोय तर जरा जमिनीवरचं सांगतो.

पहिलं, तुमच्या कानात काय आहे? तुमचा लॉस ऐकून मला खात्री आहे की भोकंवाली मऊ टोपी असणार, ओपन डोम. आता बघा, त्या भोकांतून बाहेरचा खालचा आवाज थेट पडद्यावर जातो, मशीनला विचारत पण नाही. तुमचे माइक कितीही हुशार असोत, कॅन्टीनचा घूंऽऽ असा जो आवाज असतो तो त्यांच्या बगलेतून सरळ आत. गळक्या छताखाली बसून खिडकीला भारी पडदे लावण्यातला प्रकार. चार माइकचं घेतलंत आणि टोपी हीच ठेवलीत तर गळती तेवढीच राहणार. त्यामुळे आधी बंद डोम किंवा मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला साचा) घालून बघा, आठवडाभर स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येईल, मला तर जेवताना स्वतःचं चावणं ऐकून वीट आला होता. पण गोंगाटात फरक कळतो.

दुसरं, मागचं भोक. हे मी स्वतः भोगलंय. सहा महिने मला वाटत होतं कान आणखी उतरला, टेस्ट केली तर ग्राफ जसाच्या तसा. शेवटी एका पोरीने तपासताना भिंग लावून दाखवलं, मागच्या माइकच्या जाळीवर घाम, केस, मळ मिळून चक्क वाळलेली पापडी झाली होती. मागचा माइक बंद म्हणजे वजा करायला काही उरलंच नाही, मशीन आपलं एकाच माइकवर चाललंय. आणि शांततेत यातलं काही कळत नाही! तिथे सगळं छान.

घरी बघायची माझी रीत अशी: गोंगाटाचा प्रोग्राम हाताने लावायचा, ऑटोवर ठेवायचं नाही कारण शांत खोलीत ऑटो तो मोड लावतच नाही. एका कानाचं मशीन बंद करून त्या कानात बोळा घालायचा. फोनवर बातम्या लावून फोन हातभर लांब, कानाच्या उंचीला कुठेतरी ठेवायचा आणि स्टुलावर बसून सावकाश गोल फिरायचं. तोंड फोनकडे असताना आणि पाठ असताना आवाजात ढळढळीत फरक पडला पाहिजे. मग दुसरा कान. ज्या बाजूला फरकच पडत नाही तिथे काहीतरी अडकलंय. पण घाईघाईने टाचणी घालू नका कृपया, आतली जाळी फाटली की माइकच गेला. भोकं खाली करून मऊ ब्रशने झटका, नाहीतर नेऊन दाखवा, त्यांच्याकडे छोटी पेटी असते तिच्यात पुढून मागून आवाज देऊन मोजता येतं.

आणि बसता कुठे? आपण सगळे भिंतीला पाठ लावून बसतो, मीही बसायचो, सुरक्षित वाटतं. पण मग अख्खा हॉल तुमच्या तोंडासमोर आणि मशीन इमाने इतबारे अख्खा हॉल गोळा करून देतं. उलटं बसा. गोंगाटाकडे पाठ, आणि ज्याचं ऐकायचं त्याला भिंतीच्या बाजूला बसवा.

अर्धवट_ऐकलं

@डावा_कान बाप रे, भिंतीचं अगदी खरं, मी दर वेळी कोपरा पकडतो! आणि हो, टोपी भोकंवालीच आहे.

@उलटी_फेज कळलं बऱ्यापैकी, धन्यवाद. पण मग वेड्यासारखा प्रश्न, दोनच का? चष्म्याच्या काडीवर वीस माइक का नाही लावत, जागा तर आहे.

उलटी_फेज

वेड्यासारखा अजिबात नाही. नेदरलँड्समध्ये २००६ च्या सुमारास खरंच असा चष्मा बाजारात आला होता, प्रत्येक काडीत चार माइक. आणि आता २०२५ मध्ये माइकवाला चष्मा पुन्हा विकायला आलाय, म्हणजे कल्पना मेलेली नाही.

फायदा दोन गोष्टींतून येतो आणि लोक त्या एकत्र करतात. एक म्हणजे संख्या. प्रत्येक माइकचा खरखराट वेगवेगळा असेल तर माइक दुप्पट केले की ३ डीबी मिळतात. दोनाचे चार ३, चाराचे आठ आणखी ३. म्हणजे प्रत्येक पुढच्या ३ साठी आधीच्या दुप्पट माइक, हा सौदा लवकरच महाग पडतो, बॅटरी पण खातो. दुसरी गोष्ट म्हणजे पसारा, पहिला माइक ते शेवटचा माइक अंतर किती. ते लाटेच्या लांबीच्या मानाने मोठं असेल तरच झोत, म्हणजे मशीन ज्या दिशेचं ऐकतं तो पट्टा, अरुंद होतो. कानामागच्या मशीनला पसारा करायला जागाच नाही, चष्म्याच्या काडीला दहा-बारा सेंटीमीटर मिळतात, आणि दोन कानांत मिळून डोक्याची रुंदी मिळते. तुम्हाला जे चार माइकचं सांगितलं त्यातली खरी कमाई ही आहे, चार या आकड्यात फार काही नाही.

बाकी यामागचं गणित कानाच्या मशीनसाठी जन्मलेलंच नाही. पाहिजे त्या दिशेचा आवाज अबाधित ठेवून बाकी सगळ्याची ताकद कमीत कमी करायची, ही पद्धत केपन नावाच्या संशोधकाने १९६९ मध्ये भूकंपाच्या लहरींसाठी मांडली. जमिनीत पेरलेले सेन्सर होते ते. त्याची नातवंडं आज कानामागे बसलीत.

श्रवणचाचणी

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासून मशीन बसवून देणारी, रोज हेच काम. वरच्या दोघांनी माझं निम्मं काम केलं, म्हणून फक्त 'मिळून' बद्दल लिहिते.

चार माइक मिळून म्हणजे डाव्या मशीनने आपला आवाज उजवीकडे पाठवायचा, उजव्याने डावीकडे, आणि दोघांनी एकत्र हिशोब करायचा. हे पाठवणं ब्लूटूथसारख्या २.४ गिगाहर्ट्झवर अवघड जातं कारण मधलं डोकं त्या लहरी पिऊन टाकतं, म्हणून बऱ्याच मशीनमध्ये त्यासाठी चुंबकीय जोडणी असते, ती डोक्यातून आरपार जाते. आणि हे सगळं दहाएक मिलिसेकंदांच्या आत उरकावं लागतं, नाहीतर थेट कानात आलेला आवाज आणि मशीनमधून आलेला आवाज एकमेकांवर आपटतात, स्वतःचं बोलणं घुमतं.

झोत अरुंद होतो हे खरं. समोर एकच माणूस, आजूबाजूला कल्ला, अशा वेळी पेशंट खुर्चीतून उठून हात मिळवतात इतका फरक पडलेला मी पाहिलाय. पण त्याची किंमत सांगितलीच पाहिजे. हिशोब करून तयार झालेला एकच आवाज दोन्ही कानांत सोडला तर आवाज कुठून आला हे कळेनासं होतं. आपला मेंदू दिशा ओळखतो ती दोन कानांतल्या फरकावर, आवाज एका कानापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला फार तर ०.७ मिलिसेकंद जास्त घेतो, तेवढ्यावर मेंदू सांगतो डावीकडे बघ. तो फरकच पुसला तर सगळं डोक्याच्या मधोमध, सपाट. आणि गोंगाटातून एक आवाज वेचून काढायला मेंदू हीच दिशा वापरतो, कॉलिन चेरीने १९५३ मध्ये पार्टीत एकाचंच बोलणं कसं ऐकतो यावर काम केलं तेव्हापासून हा विषय चाललाय. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्याने थोडं काढून घेतलं. म्हणून चांगल्या मशीनमध्ये खालची पट्टी दोन्ही कानांची वेगळी ठेवतात आणि झोत वरच्या पट्टीत लावतात. घेण्याआधी हे नक्की विचारा.

आणि तुमची अडचण अकरा जणांच्या टेबलाची आहे ना? तिथे अरुंद झोत कधी कधी उलट त्रास देतो. बोलणारा दर वाक्याला बदलतो, तुम्ही मान वळवेपर्यंत विनोद संपलेला. झोताला फक्त 'नाकाच्या दिशेला' एवढंच समजतं, तुम्हाला कोणाचं ऐकायचंय हे त्याला कोण सांगणार? माझ्या एका पेशंटच्या बायकोची तक्रार होती की हॉटेलात हे आता शेजारच्या टेबलाचं ऐकतात, माझं नाही. ती बाजूला बसायची आणि समोर दुसरं टेबल :) बाजू बदलली, मिटलं.

बटण_दाबा

एवढी उठाठेव कशाला, आता एआय आलंय की. न्यूरल नेटवर्कवाली मशीनं बोलणं आणि गोंगाट वेगळाच करतात म्हणे, एक माइक असला तरी चालतं. माइकचा जमाना गेला.

उलटी_फेज

गेला नाही हो, उलट दोन्ही एकत्र वापरतात. जुन्या एका माइकवाल्या नॉइज रिडक्शनने डोकं कमी दुखायचं पण शब्द काही जास्त कळायचे नाहीत, कारण ज्या पट्टीत गोंगाट त्याच पट्टीत बोलणं, एक दाबलं की दुसरंही दबतं. न्यूरल नेटवर्कने ही भिंत बरीच फोडली हे मान्य, २०२४ पासून तर त्यासाठी वेगळी चिप असलेली मशीनंही आलीत. भांड्यांचा आवाज, पंखा, रहदारी यांत मस्त. पण शेजारच्या टेबलावरची मावशी पण बोलतेच आहे ना. तीही 'बोलणं' आहे. नेटवर्कने ती का काढावी? तिथे तुम्हाला दिशाच लागते, म्हणजे एकाहून जास्त माइक.

डावा_कान

एक राहिलं. माइक वाढवण्यापेक्षा माइक उचलून न्या ना बोलणाऱ्याकडे! पेनासारखा किंवा पेपरवेटसारखा वेगळा माइक मिळतो, वायरलेस. अंतर निम्मं झालं की थेट आवाज ६ डीबी वाढतो. दोन मीटरवर बसलेल्याच्या शर्टला माइक लावला, तोंडापासून वीस सेंटीमीटरवर, म्हणजे अंतर दहा पट कमी, २० डीबी. कोणता झोत देतो २० डीबी? लाज वाटते मागायला एवढंच. मी पहिली चार वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

श्रवणचाचणी

+१. खोली घुमणारी असेल तर जास्तच, कारण बोलणारा लांब असला की त्याचा आवाज भिंतींवरून सगळीकडून येतो आणि मग माइकला पुढचं मागचं असं काही उरत नाही.

आणि एक कडू गोष्ट. आतल्या कानाचं नुकसान असलं की आवाज नुसता लहान होत नाही, विस्कटतो पण. प्लोम्प नावाच्या संशोधकाने हे १९७८ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे मशीनने सगळं स्वच्छ दिलं तरी तुम्हाला शेजारच्यापेक्षा गोंगाट काही डीबी कमी लागणारच. तुमची गोंगाटातली वाक्यांची टेस्ट झालीय का? नुसत्या बीप बीपच्या ग्राफवरून हे दिसत नाही. ती करून घ्या, मग ठरवा दोन माइकवर भागेल की चार की वेगळा माइक.

अर्धवट_ऐकलं

तीन आठवड्यांनी परत आलोय, उशिराबद्दल माफी.

स्टुलाची टेस्ट केली. बायको दारात उभी राहून बघत होती की हा माणूस कानात बोळा घालून गोल गोल का फिरतोय. डावं मशीन एकदम झकास, पाठ केली की बातमीवाला विहिरीत पडतो. उजवं फिरून फिरून चक्कर आली तरी तसंच! नेऊन दाखवलं, मागच्या भोकावर मेणचट थर, तुम्ही म्हणालात तीच पापडी. तिथेच साफ करून पेटीत मोजलं, दोन्ही सारखे. म्हणजे किती महिने मी अर्ध्या मशीनवर चाललो होतो कोण जाणे, आणि मधल्या दोन सर्व्हिसिंगमध्ये कोणी बघितलं नाही हे वेगळंच, त्यावर आता बोलत नाही, बीपी वाढतो.

टोपी बंद घातलीय, रांजण प्रकरण चालू आहे पण आठव्या दिवसापासून कमी वाटतंय. वाक्यांची टेस्ट पण झाली, मला गोंगाटापेक्षा बोलणं ६ डीबी वर लागतं निम्मी वाक्यं कळायला. टेस्ट घेणाऱ्या बाई म्हणाल्या एवढ्यात नवीन मशीन नको, वेगळा माइक आधी महिनाभर वापरायला न्या. कालच्या मीटिंगला टेबलाच्या मधोमध ठेवला. समोरच्या तिघांचं शब्दन् शब्द कळलं, आणि टेबलाच्या टोकाला दोघं एकमेकांत कुजबुजत होते तेही कळलं, माझ्याबद्दलच होतं :) दोघं एकदम बोलायला लागले की मात्र अजूनही खिचडी.

एकच शंका उरली, बाहेर चालताना वारा असला की आता दोन्ही कानांत फडफड जास्तच येते. आधी उजवीकडे एवढी नव्हती. साफ करताना काही बिघडवलं का?

उलटी_फेज

बिघडलं नाही, बरं झालंय. वारा प्रत्येक भोकावर वेगवेगळा आपटतो, दोन माइकमध्ये जुळणारं काही नसतं, मग वजाबाकीत तो उडत नाही, उलट दोघांचा मिळून वाढतो, आणि खालची पट्टी वर उचललेली असते त्यामुळे आणखी. आधी उजवीकडे एकच माइक चालू होता म्हणून शांत होतं. बाहेर जाताना गोंगाटाचा प्रोग्राम काढून साध्यावर ठेवा, किंवा विंडचं सेटिंग असेल तर ते पुढच्या वेळी चालू करून घ्या.

अर्धवट_ऐकलं

हो की, गोंगाटाचाच प्रोग्राम लावून ठेवला होता तीन आठवडे, ऑटोवर परत टाकायचंच विसरलो.